मोबाईलचा स्टँड आणि आमचे हे

भाचीने दसऱ्याला नवी गाडी घेतली. अभिनंदन, पेढे, रंग कुठला वगैरे सगळं फोनवर झाल्यावर तिने विचारलं, "मावशी, काकांनी गाडीत मोबाईलचा स्टँड कुठला बसवलाय गं? मलाही घ्यायचाय." मी म्हटलं, हे दोन वाक्यांत सांगण्यासारखं प्रकरण नाही, सवडीने लिहिते. मग वाटलं, तिच्या एकटीसाठी कशाला, सगळ्यांसाठीच लिहावं. नात्यातल्या बहुतेक घरांत आता गाडी आहे, आणि गाडी तिथे मोबाईल आहेच!

आधीच सांगते, मला गाडी चालवता येत नाही. पण गेली बावीस वर्षं मी डावीकडच्या सीटवर बसते आहे. वर्गावर पस्तीस वर्षं काढलेल्या बाईला मागच्या बाकावर कोण काय करतंय ते न बघता कळतं, तर शेजारच्या सीटवरचं कळणार नाही?

आमचे हे गणित-विज्ञानाचे शिक्षक. वय शहात्तर, हात अजून स्थिर. पण त्यांना एक खोड होती. मोबाईल मांडीवर ठेवायचा आणि खाली बघत नकाशा पाहायचा. गेल्या वर्षी श्रावणात आम्ही कराडहून चिपळूणला लेकीकडे निघालो होतो. कोयनानगर मागे पडलं, पाऊस भुरभुरत होता, आणि वळणावर अचानक एक म्हैस आडवी आली. ह्यांनी ब्रेक दाबला. म्हैस वाचली, पण मांडीवरचा मोबाईल घसरला तो थेट पायाशी. हे पायानेच त्याला बाजूला सारायला लागले. कुंभार्लीचा घाट पुढ्यात, आणि गाडी चालवणाऱ्याचा पाय मोबाईल शोधतोय! तो ब्रेकच्या पट्टीखाली अडकला असता तर ब्रेक पुरता दाबलाच गेला नसता. पुढे टपरीवर थांबून चहा घेतला. दोघंही काही बोललो नाही. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी हे स्वतःहून स्टँड आणायला गेले.

दुकानात म्हणे तीनशेपासून दीड-दोन हजारांपर्यंत स्टँड होते. ह्यांनी अर्थातच तीनशेवाला आणला. एसीच्या जाळीला चिमट्याने लावायचा. तो प्रकार वाईट नाही, लावायला सोपा, आणि उन्हाळ्यात गार हवा लागून मोबाईल तापत नाही. पण आमची गाडी जुनी आणि लहान, तिच्या जाळीच्या पट्ट्या नाजूक. मोबाईलचं वजन पाव किलोच्या आतलंच, पण खड्ड्यांतून हिसके बसून बसून महिन्याभरात एक पट्टी मोडली. गॅरेजवाला म्हणाला, सुटी पट्टी मिळत नाही, अख्खी जाळी बदलावी लागेल. तीनशेचा स्टँड केवढ्याला पडला ते विचारू नका. शिवाय काही गाड्यांत ही जाळी गोल असते, तिला साधा चिमटा नीट बसतच नाही. तेव्हा भाचीबाई, आधी आपली जाळी बघ, मग दुकानात जा.

मग आला समोरच्या काचेला चिकटणारा, रबरी वाटीचा. हा बसवताना मला माग्डेबर्गच्या गोलार्धांवर एक तास ऐकावा लागला. सतराव्या शतकात जर्मनीत ऑटो फॉन गेरिक याने तांब्याचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढून घेतली आणि दोन्ही बाजूंना घोडे जुंपूनही ते सुटेनात. "ती हवा बाहेरून दाबत असते," हे सांगत होते. "दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. ह्या वाटीचा व्यास सहा सेंटिमीटर. कर क्षेत्रफळ." मी मराठी आणि इतिहास शिकवणारी, मी कशाला करू? त्यांनीच केलं. अठ्ठावीस चौरस सेंटिमीटर, म्हणजे आतली सगळी हवा निघाली तर अठ्ठावीस किलो ओढ सोसेल. फक्त काच स्वच्छ पुसलेली हवी आणि वाटीच्या कडेखाली धुळीचा कण नको.

वाटी हिवाळाभर छान टिकली. मे महिन्यात गाडी दोन तास उन्हात उभी होती, परत येऊन बघतो तर स्टँड खाली पडलेला. उन्हाने रबर मऊ पडतं, वाटीत उरलेली थोडी हवा प्रसरण पावते आणि वाटी सुटते. हे गेरिकसाहेबांचं शास्त्र ह्यांनी मला दुसऱ्या तासाला सांगितलं. नशीब, तेव्हा गाडी उभी होती. उन्हात मोबाईल तर स्टँडवर कधीच सोडू नये. तो तापला की आधी त्याचा पडदा अंधुक होतो, मग तो बंदच पडतो, आणि त्यातली बॅटरीही लवकर म्हातारी होते.

लोहचुंबकाचाही एक प्रकार असतो. मोबाईल नुसता टेकवायचा, की चिकटला. नातवाकडे तो आहे आणि त्याला फार आवडतो. मात्र त्यासाठी मोबाईलच्या पाठीला साधी लोखंडी चकती लावली तर वायरशिवायचं चार्जिंग होत नाही. आणि घरात कुणाला पेसमेकर असेल तर चुंबकवाला मोबाईल शर्टाच्या खिशात ठेवू नये. छातीपासून निदान पंधरा सेंटिमीटर लांब ठेवा, असं मोबाईल बनवणारेच सांगतात. आमच्या दिरांना पेसमेकर आहे, म्हणून मला हे माहीत.

आता आमच्याकडे आहे तो डॅशबोर्डवर बसणारा. आधी एक गुळगुळीत चकती डबल टेपने डॅशबोर्डवर चिकटवायची, ती एक दिवस तशीच राहू द्यायची, आणि मग तिच्यावर वाटी दाबायची. (डॅशबोर्डच्या खरबरीत प्लास्टिकवर वाटी थेट लावली तर कडेने हवा शिरते, राहात नाही.) स्टँडचा दांडा आखूड घ्यावा, लांब दांड्यावर मोबाईल झाडाच्या फांदीसारखा हलत राहतो. चार्जिंगची वायर गिअरवर लोंबकळू देऊ नये.

पण खरं महत्त्व कुठला घेतला ह्यापेक्षा तो कुठे बसवला ह्याला आहे. दुकानदार हे सांगत नाही. ह्यांनी आधी तो उजव्या कोपऱ्यात, काचेच्या खांबाजवळ लावून बघितला. नजरेजवळ म्हणून बरा वाटला. पण मी बाहेर उभी राहून स्कूटरवाल्यासारखी त्या बाजूने चालत आले, तेव्हा ह्यांना मी दिसलेच नाही! त्या खांबामुळे आधीच थोडा रस्ता झाकलेला असतो, त्यात मोबाईलची भर. आपल्या रस्त्यांवर दुचाक्या किती असतात ते मी सांगायला नको. दुसरी गोष्ट एअरबॅगची. चालवणाऱ्याची स्टिअरिंगच्या मधोमध असते, शेजारच्याची डॅशबोर्डमध्ये, आणि तिथे तशी अक्षरं उमटवलेली असतात. ती पापणी लवायच्या आत, प्रचंड जोराने उघडते. तिच्या वाटेत स्टँड असेल तर तो दगडासारखा तोंडावर येईल. ते तोंड माझं, म्हणून मी ह्या बाबतीत जास्त काटेकोर! शेवटी जागा ठरली ती मधोमध, एसीच्या जाळीच्या वर, जेमतेम बॉनेटची रेघ झाकणार नाही इतक्या उंचीवर. पाठ सीटला टेकलेली असताना हात पोचला पाहिजे, हीही एक कसोटी.

कायद्याचंही सांगून टाकते. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात जी दुरुस्ती लागू झाली, तिच्यात मोबाईल हातात धरून गाडी चालवणं हे धोकादायक वाहन चालवण्यात घातलं आहे. पहिल्या गुन्ह्याला १ हजार ते ५ हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. पुढे १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांत म्हटलं आहे की वापर फक्त रस्ता शोधण्यासाठी करावा, आणि तोही चालवणाऱ्याची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने. म्हणजे स्टँड लावला की सिनेमा बघायला मोकळे, असं नाही.

आणि इथेच आमच्या घरात वाद सुरू झाला.

लेकीचं म्हणणं, "आई, तू स्टँड आणू देऊन बाबांना उत्तेजन देतेस. त्यांनी आता घाटात गाडी घालूच नये." ती रागाने नाही, काळजीने बोलते. आणि तिच्या बोलण्यात तथ्य आहे, हे मला स्टँड बसवल्यावरच दिसलं. ह्यांचे दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेत. आत बसवलेलं भिंग लांबचं दिसण्यासाठी आहे, त्यामुळे दोनशे मीटरवरची पाटी हे माझ्याआधी वाचतात. वाचायला चष्म्याचा खालचा भाग, तो पुस्तकाच्या अंतराचा. मोबाईल मात्र ह्या दोन्हींच्या मध्ये! ह्यांनी शाळेतल्या सवयीने टेप लावून मोजलं, डोळ्यापासून पडद्यापर्यंत सत्तर सेंटिमीटर. ना लांबचं, ना जवळचं. मग हे काय करायचे, तर हनुवटी वर उचलून, मान पुढे काढून चष्म्याच्या खालच्या भागातून बघायचे. मी मनातल्या मनात आकडे मोजले. एक... दोन... कधी तीनसुद्धा.

घरी आल्यावर मी वही पुढे केली. म्हटलं, "अहो, आता तुम्ही करा गणित. ताशी साठचा वेग, दोन सेकंद." तेहतीस मीटर. साधारण तीन एसटी गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर होतील तेवढं अंतर, आणि तेवढं हे रस्ता न बघता जातात. वही मिटून हे म्हणाले, "म्हणजे ह्या यंत्राकडे मी बघायचंच नाही." मी म्हटलं, "ऐकायचं."

तेव्हापासून पडदा किंचित माझ्याकडे वळवलेला असतो. नकाशातली बाई हिंदीत बोलते, तिचा आवाज मोठा ठेवतो. निघण्याआधी अंगणातच गाव टाकून, सगळा रस्ता एकदा बघून घ्यायचा. घाटाचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून ठेवायचा, कारण रेंज गेली तरी उपग्रहाची खूण मोबाईलला मिळत राहते. वाटेत काही बदलायचं असेल तर ते मी करते, आणि मी बरोबर नसेन तेव्हा गाडी कडेला घेऊन थांबायचं. वळण चुकलं तर चुकलं, पुढे दुसरं वळण असतंच.

फोन आला तर उचलायचा नाही, स्पीकरवरसुद्धा नाही. ह्यावर नातू हसला, "आजी, हात तर मोकळे असतात ना!" हात असतात रे बाबा, पण डोकं? मी शेजारी बसून बोलत असते तेव्हा समोर ट्रक दिसला की माझं तोंड आपोआप मिटतं. फोनवरच्या माणसाला ट्रक दिसत नाही. तो आपला विचारतच राहतो, लग्नाला किती जण येणार?

लेकीचा मुद्दा अजून संपलेला नाही. गाडी बंद करा म्हणणं सोपं आहे, पण शेजारच्या वहिनींना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला हेच नेतात. त्यांचा मुलगा परगावी. तो रस्ता ह्यांना डोळे मिटून पाठ आहे, (उघडे ठेवून चालवतात, काळजी नसावी!) तिथे नकाशा लागतच नाही, मोबाईल माझ्या नाहीतर वहिनींच्या पिशवीत असतो. घाटाचं मात्र मी लेकीच्या बाजूने आहे. अंधार पडल्यावर आणि धुक्यात घाट नाही, हे ह्यांनी कबूल केलंय. पावसाळ्यात चिपळूणला एसटीने. ह्यांना ते लागलं, दोन दिवस गप्प होते. मी समजूत घालायला गेले नाही.

येत्या फेब्रुवारीत ह्यांच्या परवान्याची मुदत संपते. ह्या वयात तो पाच वर्षांसाठीच मिळतो, डॉक्टरांचा दाखला लागतो. त्याआधी डोळे नीट तपासून घ्यायचे, आणि डॉक्टरांना मधल्या अंतराबद्दल, त्या सत्तर सेंटिमीटरबद्दल, मुद्दाम विचारायचं, असं आम्ही कागदावर लिहून फ्रिजवर लावलंय. लेकीला त्या दिवशी रजा घेऊन यायला सांगितलंय. डॉक्टर काय म्हणतात ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकलेलं बरं.