बीव्हरची टोपी आणि मद्रासची सर्पकातडी

चेन्नईतील शाळकरी मुलाने बीव्हर पाहिलेला नसतो. ओढ्यावर लाकडे रचून बांध घालणारा, स्वतःचे तळे स्वतः निर्माण करणारा हा उद्योगी कृंतक त्याला चित्रातूनच भेटतो आणि धडा बहुधा तिथेच गोडपणे संपतो. पुढची हकीकत कडवट आहे. बीव्हरच्या अंगावरील आतल्या मऊ केसांना सूक्ष्म आकडे असतात; त्यांमुळे ते एकमेकांत अडकून उत्तम नमदा तयार होतो. या नमद्याच्या टोप्या युरोपात प्रतिष्ठेचे लक्षण ठरल्या. 1670 मध्ये सनद मिळालेल्या हडसन्स बे कंपनीचा व्यापार याच कातड्यांवर उभा राहिला. उत्तर अमेरिकेतील कित्येक ओढ्यांवरून बीव्हर नाहीसा झाला आणि त्याच्या बांधांमागची तळीही गेली. एकोणिसाव्या शतकात रेशमी टोपीची फॅशन आली तेव्हा कुठे मागणी ओसरली. सापळे लावणाऱ्या मूलनिवासी माणसांचे पुढे काय झाले, हे मात्र मुलांना क्वचितच सांगितले जाते.

तोच प्रश्न चेन्नईच्या मुलांपुढे अधिक जवळून मांडता येतो, कारण या शहराचाही असा एक व्यापार होता. मद्रास हे सापांच्या कातडीच्या निर्यातीचे मोठे केंद्र होते. धामण, नाग, घोणस, अजगर यांच्या कातड्यांच्या पर्स, पट्टे आणि पादत्राणे परदेशी बाजारात जात. साप पकडून देणारे हात होते इरुळा आदिवासींचे. मातीवरची पुसट खूण, बिळाच्या तोंडाशी पडलेली कात, विष्ठेचा कण, एवढ्यावरून आत कोणता साप आहे हे ओळखणारी ही माणसे. त्यांना एका कातड्यामागे तुटपुंजे पैसे मिळत. नफा मधल्या मध्येच राही. शिवाय उंदीर खाणारी धामण कातडीसाठी जाई आणि शेतातले उंदीर उरत!

1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, 1976 मध्ये सर्पकातड्यांच्या निर्यातीवर बंदी आली. साप वाचणार होते, पण इरुळांची चूल विझण्याची वेळ आली. बीव्हरला फॅशनने सोडले, सापाला कायद्याने सोडवले. दोन्हीकडे शिकाऱ्याला कोणी विचारले नव्हते. मद्रासमध्ये एक गोष्ट वेगळी घडली. गिंडीच्या सर्पोद्यानाचे संस्थापक रोम्युलस व्हिटेकर इरुळांबरोबर रानात हिंडलेले होते. हे ज्ञान वाया जाऊ नये असे त्यांना वाटत होते. त्यातून 1978 मध्ये इरुळा सर्प पकडणाऱ्यांची सहकारी संस्था स्थापन झाली.

शहराच्या दक्षिणेला, वडनेम्मेली येथील मगर उद्यानाच्या आवारात तिचे काम चालते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप कापडाने तोंड बांधलेल्या मातीच्या मडक्यांत ठेवलेले असतात. पडदा ताणलेल्या काचपात्राला साप चावतो, पिवळसर थेंब ओघळतात. ते वाळवून औषधनिर्मात्यांकडे जातात. तिथे घोड्यांना अत्यल्प मात्रेत विष टोचून त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून प्रतिविष बनवले जाते. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी सुमारे 58 हजार मृत्यू झाले, असा 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. तो वाचल्यावर या मडक्यांचे मोल कळते.

एक अडचण मात्र मोठ्या विद्यार्थ्यांना सांगायलाच हवी. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. देशभरच्या प्रतिविषासाठी विष बहुतांशी याच एका भागातून येत असल्याने दूरच्या प्रांतातील दंशावर ते तितके प्रभावी ठरेलच असे नाही. कोकणातल्या फुरशाचा किंवा देशावरच्या घोणशीचा विचार यात व्हायला हवा. दोष इरुळांचा नाही. त्यांच्यासारखी व्यवस्था इतरत्र उभी राहिली नाही, हा आहे.

2017 मध्ये याच समाजातील मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल यांना फ्लोरिडात उपद्रवी ठरलेले अजगर शोधण्यासाठी बोलावण्यात आले. 2023 मध्ये दोघांना पद्मश्री जाहीर झाली.

विष काढण्याचे प्रात्यक्षिक पर्यटकांना पाहता येते. मडक्यातला साप साधारण तीन आठवडे ठेवून पुन्हा रानात सोडतात. त्याआधी पोटावरच्या खवल्याला एक छोटीशी खूण करतात, म्हणजे तोच साप पुन्हा हाती आला तर ओळखता येतो.