उसातले रान
जुन्नर-आंबेगावला सुट्टीसाठी आलेला पाहुणा भीमाशंकरच्या झाडीत शेकरू शोधतो, पिंपळगाव जोगाच्या पाण्यावर पक्षी न्याहाळतो आणि तृप्त होऊन परततो. ही मौज खोटी नाही, पण ती अर्ध्याच रानाची आहे, असे मला वाटते. उरलेले रान उसात आहे. कुकडी नदी आणि डिंभे धरणाच्या पाण्यावर ऊस वाढला, त्या दाट, गार आडोशात बिबट्याच्या माद्या पिल्ले घालू लागल्या; कुत्री-शेळ्या हाकेच्या अंतरावर. असला आडोसा खुद्द जंगल तरी कुठे देते! ‘मग धरा आणि लांब सोडा’ असे कोणी म्हणेल. ज्याचे लेकरू बिबट्याने नेले, त्याच्याशी वाद घालण्याची माझी प्राज्ञा नाही. पण २००१ नंतर इथे तेच करून पाहिले, आणि वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या अभ्यासात माणसांवरचे हल्ले उलट वाढलेले आढळले. पकडलेल्यांसाठी माणिकडोहचे निवारा केंद्र आहे, पण पिंजऱ्यांना मर्यादा असतात. बिबट्या उसातच राहणार असेल, तर रात्री पाणी धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याचा विचार आधी व्हायला हवा. शेतीला दिवसा वीज मिळावी, ही इथली मागणी म्हणूनच वन्यजीवांचाही प्रश्न आहे.