चाचांची गाडी

आमच्या शाळेत शिक्षकांच्या गाड्यांसाठी पत्र्याची शेड आहे. तिच्यात दुचाक्या मावतात, चार छोट्या मोटारीही मावतात. माझी गाडी मावत नाही. ती बाहेर आंब्याखाली उभी असते. नवे पालक आले की शिपायाला हळूच विचारतात, "कोण साहेब आलेत का?" शिपाई सांगतो, "साहेब नाहीत, मराठीचे सर आहेत."

उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवणारा, बीएड झालेला, घराचं कर्ज फेडणारा माणूस असल्या गाडीत कसा, असा प्रश्न लोकांना पडतो. तो पडायलाच हवा. गाडी उंच आहे, सात माणसांची आहे, चारही चाकांना ताकद देणारी आहे. जपानी बनावट, दोन हजार आठशे सीसीचं डिझेल इंजिन. कंपनीचं नाव मुद्दामच सांगत नाही. पुढे तिच्या दुखण्यांबद्दल लिहायचं आहे, आणि वीस वर्षांच्या गाडीची दुखणी कंपनीच्या माथी मारणं बरं नाही.

ही गाडी माझ्या चाचांची. चाचा कुवेतला सत्तावीस वर्षं होते. तिथं ते काय करतात, हे लहानपणी आम्हाला कुणी नीट सांगितलं नाही. "कंपनीत आहेत," एवढंच. मी सातवीत निबंध लिहिला होता, त्यात माझे चाचा कुवेतला अधिकारी होते. गुरुजींनी शेरा दिला, 'छान'. खरं काय ते मला कॉलेजात गेल्यावर कळलं. चाचा एका घरचे ड्रायव्हर होते. मुलांना शाळेत सोडायचं, बाईंना बाजारात न्यायचं, मालकाला विमानतळावर पोहोचवायचं. आणि ती गाडी होती याच जातीची, याच रंगाची.

2009 साली ते कायमचे परत आले. आल्यावर सहा महिन्यांत त्यांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून ही गाडी घेतली. तेव्हा ती चार वर्षांची होती. मोहल्ल्यात बोलणी सुरू झाली. गल्फचा पैसा उतू चाललाय, म्हणाले. कोकणात हे आम्हाला नवं नाही. आखातातून आलेल्या पैशानं आमच्या गावांत मोठमोठी घरं उभी राहिली. त्यांतली निम्मी कुलूपबंद असतात, आणि बाकीच्यांत दोन म्हातारी माणसं राहतात. त्या पैशाला लोक नावं ठेवतात, पण तो कसा कमावला ते विचारत नाहीत.

गाडी पहिल्यांदा दारात आली त्या दिवशी मी तिथं होतो. चाचांनी खाली उतरून मागचा दरवाजा उघडला, एक हात दारावर ठेवला, दुसरा छातीशी नेला आणि चाचीला म्हणाले, "बसा, मॅडम." आम्ही सगळे हसलो. चाची हसली नाही. ती वळसा घालून पुढच्या सीटवर जाऊन बसली. म्हणाली, "मागं बसायला तुम्ही माझे ड्रायव्हर आहात का?" त्यानंतर नऊ वर्षं ती पुढंच बसली.

2018 मध्ये चाचा गेले. चाळिसावा झाल्यावर चाचीनं किल्ली माझ्या हातात दिली. तिच्या दोन्ही मुली लग्न होऊन लांब गेलेल्या. "विकू नको. मी आहे तोवर दारात राहू दे," एवढंच म्हणाली. मी हो म्हणालो, पण गाडीतलं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. बोनेट उघडायचा खटका कुठं आहे, तेही पुस्तकात बघावं लागलं होतं.

मग 2021 चा जुलै आला. चाकांच्या कामासाठी गाडी चिपळूणला नेली होती आणि पाऊस वाढला म्हणून सासुरवाडीच्या इमारतीखाली ठेवून एसटीनं परतलो होतो. 22 जुलैला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं. गंमत बघा, या गाडीची नोंदणी 2005 ची. चिपळूणनं त्याआधीचा मोठा पूर पाहिला तोही 2005 च्याच जुलैचा.

पाणी ओसरल्यावर पोहोचलो. घरची माणसं वरच्या मजल्यावर होती, सुखरूप होती. बाजारपेठेत मात्र दुकानांतून चिखल उपसणं चाललं होतं. आयुष्याची कमाई रस्त्यावर ढीग होऊन पडली होती. माणसंही गेली होती. अशा वेळी गाडीसाठी वाईट वाटून घ्यायची लाज वाटत होती. गाडीच्या काचांवर आतून चिखलाची रेघ होती, स्टीअरिंगच्या वर.

गॅरेजवाल्यांनी अंदाज दिला दोन लाख ऐंशी हजार. विमा फक्त तृतीय पक्षाचा, त्यामुळे तिकडून एक पैसा मिळणार नव्हता. भंगारवाला साठ हजार द्यायला तयार होता. टो करून गाडी गावी आणली आणि अंगणात झाकून ठेवली. चाचीला आठवडाभर "गॅरेजला आहे" म्हणत राहिलो. शेवटी तिचं घर आमच्यापासून शंभर पावलांवर. ती स्वतःच काठी टेकत आली आणि ताडपत्री उचलून बघितली.

मला वाटलं, आता रडेल. तिनं विचारलं, "इंजिन चालू करून बघितलंस का?"

"नाही."

"मग ठीक आहे. हे म्हणायचे, बुडालेली गाडी चालू करायची नाही."

मी तिच्याकडे बघत राहिलो. नाक्यावरच्या मिस्त्रींनीही आदल्या दिवशी हेच पहिलं वाक्य उच्चारलं होतं. या मिस्त्रींना सगळा तालुका उस्ताद म्हणतो. ते तुळशीची माळ घालतात, आषाढीला पंढरीला जातात, आणि उस्ताद म्हटल्यावरच वळून बघतात. त्यांनी मला सांगितलं ते असं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की पिस्टन जोरात वर येतो, पाणी हटत नाही, आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. पुरानं जेवढ्या गाड्या मरत नाहीत तेवढ्या पुरानंतर घाईनं किल्ली फिरवल्यामुळे मरतात.

मी विचारलं, "घरीच करता येईल का?"

"सर, तुम्हाला वेळ आहे ना? गॅरेजवाला पैसे वेळेचे घेतो. चिखल धुवायला डिग्री लागत नाही. अडलं की मला बोलवा. पण दोन अटी. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही, घोड्या लावायच्या. आणि ब्रेकला हात लावलात तर मी बघितल्याशिवाय रस्त्यावर आणायची नाही."

त्या दोन्ही अटी मी आजवर पाळल्या आहेत.

शाळा तेव्हा ऑनलाइन होती. सकाळी मोबाइलवर मराठीचा तास आणि दुपारी अंगणात चिखल. पहिल्यांदा बॅटरी काढली. मग सीटा, मग गालिचा. गालिच्याखाली चार बोटं गाळ होता. चाचांचं कुवेती नाणं सापडेल, जुनी चिठ्ठी सापडेल, असं मनात येत होतं. सापडला एक कंगवा आणि लिमलेटच्या गोळ्यांचे कागद.

इंजिनची ऑइलची काडी बाहेर काढली तर तेल दुधाळ चहासारखं झालेलं. म्हणजे पाणी मिसळलेलं. ते सगळं सोडून दिलं. उस्ताद आले, त्यांनी चारही हीटर प्लग काढायला लावले आणि इंजिनच्या पुढच्या पुलीला लांब पाना लावून म्हणाले, "आता फिरवा, हातानं, सावकाश." मी फिरवलं. प्लगच्या भोकांतून पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या आणि माझा सदरा भिजला. पण पुली पूर्ण फिरली, कुठं अडली नाही. उस्ताद म्हणाले, "वाचली."

त्यानंतरचं काम चिकाटीचं होतं. डिझेलची टाकी रिकामी केली. गिअरबॉक्सचं आणि पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचं तेल काढलं, त्यातही पाणी. बंद डब्यासारख्या त्या भागांना श्वास घ्यायला एक बारीक नळी असते, तिथून ते शिरतं. स्टार्टर आणि आल्टरनेटर उघडून उस्तादांकडे दिले. वायरींचा एकेक जोड सोडवून ब्रशनं घासला. या गाडीचा डिझेल पंप जुन्या, यांत्रिक पद्धतीचा. नव्या गाड्यांसारखे संगणकाचे डबे तिच्यात फार नाहीत. म्हातारपणाचा तेवढा एक फायदा झाला.

काढलेले नटबोल्ट मी दह्याच्या रिकाम्या डब्यांत ठेवत होतो. डब्यांवर मी उर्दूत चिठ्ठ्या लावल्या, मुलीनं मराठीत. ती तेव्हा सहावीत होती. इंग्रजी पुस्तकातून कुठला बोल्ट किती घट्ट आवळायचा ते ती वाचून सांगायची. आकडा न बघता जोर लावणं म्हणजे शिक्षकानं पेपर न वाचता मार्क देणं, हे मला एक बोल्ट मोडल्यावर कळलं.

भाषेच्या मास्तराला अंगणातही भाषाच दिसते. 'दुरुस्ती' हा शब्द फारसीतून आलेला, 'मरम्मत' अरबीतून, आणि 'मिस्त्री' पोर्तुगिजांकडून. उस्ताद यांतला प्रत्येक शब्द दिवसातून दहादा वापरतात आणि कुठला कुणाचा, हे विचारत नाहीत. गाडी चालू झाली पाहिजे, एवढंच बघतात.

नोव्हेंबरच्या एका रविवारी गाडी चालू झाली. पहिल्यांदा पांढरा धूर, मग काळा, मग तो जुना, जड आवाज. चाची ओट्यावर बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उठून पुढच्या सीटच्या दरवाजापाशी जाऊन उभी राहिली. गाडीत सीटच नव्हत्या, त्या अजून वाळत होत्या. ते सांगितल्यावर म्हणाली, "मग मी उभी राहते. आवाज तर ऐकू दे."

माझ्या वहीत सगळा खर्च चौऱ्याहत्तर हजारांचा आहे. माझे चार महिने त्यात धरलेले नाहीत.

आता मी खोटं सांगणार नाही. जुनी आलिशान गाडी घेणं सोपं असतं, ठेवणं अवघड. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. रबराची जी जी वस्तू आहे ती वयानं तडकते, होजपाइप, बुश, दारांच्या पट्ट्या. दोन वर्षांपूर्वी पावसात छतातून पाणी गळायला लागलं. मी छताची काच बदलायच्या खर्चाला घाबरलो होतो. निघालं काय, तर त्या काचेभोवतीच्या पन्हळीचं पाणी खाली नेणारी बोटाएवढी नळी आंब्याच्या मोहोरानं तुंबली होती. नायलॉनची दोरी घालून मोकळी केली, फुकटात. पण प्रत्येक वेळी असं होत नाही. डिझेल लिटरला नऊ-दहा किलोमीटर. रोजच्या शाळेला मी दुचाकीच घेतो. गाडी निघते ती चाचीचा दवाखाना, लग्न, जनाजा आणि आठवड्यातून एकदा शाळा, बॅटरी उतरू नये म्हणून.

गेल्या वर्षी गाडीला वीस वर्षं झाली. 2025 च्या ऑगस्टमध्ये सरकारनं वीस वर्षांपुढच्या मोटारींची नोंदणी नूतनीकरणाची फी दहा हजार रुपये केली. शिवाय पर्यावरण कर. जुनी डिझेल गाडी धूर सोडते, तेव्हा कर मागण्यात सरकारचं चुकतं असं मला वाटत नाही. पण ठेवायची की सोडायची, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. बायको म्हणाली, "चाचीला विचारा." मला विचारायचं धैर्य होत नव्हतं.

त्याच आठवड्यात नववीच्या वर्गाला 'माझे वडील' हा निबंध दिला होता. एका मुलानं लिहिलं होतं, 'माझे अब्बा कतारला मोठ्या कंपनीत साहेब आहेत.' अक्षर सुंदर, शुद्धलेखनाची एकही चूक नाही. मी लाल पेन हातात धरून बराच वेळ बसलो. मला माझी सातवीची वही आठवली आणि तो 'छान' शेराही.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाचं नाव न घेता मी वर्गाला चाचांची गोष्ट सांगितली. बाहेर आंब्याखाली उभी आहे ती गाडी एका ड्रायव्हरची आहे, म्हणालो. सत्तावीस वर्षं दुसऱ्याची गाडी चालवून त्यानं स्वतःची घेतली आणि बायकोला पुढं बसवलं. मी लहानपणी लोकांना त्यांना अधिकारी सांगायचो. मला आजही त्याची शरम वाटते. चाचांच्या कामाची नाही, माझ्या सांगण्याची.

तास संपल्यावर सगळी मुलं गेली. तो थांबला. बाकावरची दप्तराची चेन उघडत, लावत म्हणाला, "सर, माझे अब्बापण गाडीच चालवतात."

"कुठली?"

त्याला माहीत नव्हतं. तो म्हणाला, आज रात्री विचारतो.

मी त्याला खाली आंब्याखाली नेलं, बोनेट उघडलं आणि ऑइलची काडी कुठं असते ते दाखवलं. त्यानं ती ओढून काढली, फडक्यानं पुसली, पुन्हा घालून तेलाची खूण नीट बघितली. हात काळे झाले, ते त्यानं पँटला पुसले नाहीत.

घरी येऊन मी चाचीला विचारलंच नाही. नूतनीकरणाचा अर्ज भरला. तपासणीच्या दिवशी तिला बरोबर नेलं. तिचे गुडघे आता एवढ्या उंच गाडीला साथ देत नाहीत, म्हणून मी फणसाच्या लाकडाची एक पायरी करून ठेवली आहे. ती मी खाली मांडली, दरवाजा उघडून धरला. ती चढली, पुढच्या सीटवर बसली, पट्टा लावून घेतला आणि म्हणाली, "पायरी आत घे, विसरशील."