पत्रकावर फोटो कुणाचा?

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात बेळगावच्या खडेबाजारात रात्री पाय ठेवायला जागा नसते. बांगड्या, अत्तर, शेवया, ड्रेसचे कापड, मुलांचे बूट, जिकडे बघाल तिकडे बायका. घासाघीस करतात, दुकानदाराला गप्प करतात, घरातला महिन्याचा हिशेब तोंडपाठ सांगतात. पण याच भागात जमातीची, शाळेची किंवा गल्लीच्या पाण्याची बैठक भरली की तिथे सगळ्या टोप्या आणि दाढ्या. बाजार बायकांचा आणि बैठक पुरुषांची, हा हिशेब मी लहानपणापासून बघत आले. माझं शिवणकामाचं दुकान बाजारामागच्या एका गल्लीत, घराच्या पुढच्याच खोलीत आहे. घरात दखनी, शाळेत मराठी आणि कचेरीत कानडी, अशा तीन भाषांत आमचा दिवस जातो.

पुढे होऊन बोलणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली ती निपाणीत. माझी खाला तिथे तंबाखूच्या वखारीत कामाला होती. सुट्टीत गेलो की तिच्या कपड्यांना येणाऱ्या वासानेच आम्हाला ठसका लागायचा. 1980 च्या सुमारास निपाणीच्या तंबाखू कामगार बायका संघटित झाल्या, संपावर गेल्या. त्यांच्यावर 'युगांतर' या गटाने 1982 मध्ये माहितीपटही काढला. खाला पुढारी नव्हती, पण मोर्चात चालली होती. मालकाच्या माणसासमोर उभं राहून मजुरी मागितली होती. आमच्या घरी हा विषय निघाला की अब्बा गप्प व्हायचे. त्यांचं म्हणणं एवढंच, की पोटासाठी केलं म्हणून चालून गेलं. पोटाची गरज नसताना बाईने चारचौघांत बोलायचं, हे त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं.

अब्बा रोज 'तरुण भारत' वाचत. 1988 मध्ये बेनझीर भुट्टो पाकिस्तानची पंतप्रधान झाली तेव्हा चहाच्या दुकानात दोन-चार दिवस तोच विषय होता. कुणी नाक मुरडलं, कुणी कौतुक केलं. विजापूरची चांदबीबी तर सगळ्यांच्या अभिमानाची. अहमदनगरचा किल्ला तिने मोगलांविरुद्ध कसा लढवला, हे अब्बा रंगवून सांगायचे. पण चांदबीबी चारशे वर्षांपूर्वीची आणि बेनझीर सरहद्दीपलीकडची. 1993 मध्ये घटनादुरुस्ती झाली, शहरांच्या कारभारात एक तृतीयांश जागा बायकांना द्याव्या लागणार हे ठरलं, आणि प्रश्न थेट आमच्या गल्लीत आला. तेव्हा तीच माणसं म्हणाली, "औरतां का काम क्या है उधर?"

कर्नाटकात पुढे हे आरक्षण निम्म्यावर गेलं. एका निवडणुकीत आमच्या भागातला वॉर्ड महिला राखीव झाला. मग पुरुषांनीच बसून उमेदवार ठरवला, एका कार्यकर्त्याची बायको. पत्रक छापून आलं. त्यावर नवऱ्याचा फोटो मोठा, हात जोडलेला. खाली तिचं नाव बारीक अक्षरात, आणि तिच्या फोटोच्या जागी निवडणूक चिन्ह. बाईचा चेहरा भिंतीवर लागणं बरं दिसत नाही, हे कारण. फोन नंबरही त्याचाच.

आमचा बायकांचा एक संघ होता. दर आठवड्याला थोडे पैसे जमवायचे, अडीनडीला कर्ज द्यायचं, एवढंच त्याचं काम. पण संघात वहीवर सह्या करायला शिकलेल्या, बँकेत साहेबासमोर खुर्चीवर बसलेल्या बायका होत्या. त्यांनी निरोप धाडला, मत हवं असेल तर उमेदवाराने स्वतः यावं. खूप कुरबुर झाली. शेवटी जोहरच्या नमाजानंतर माझ्याच दुकानात बैठक ठरली. शिवणयंत्रं भिंतीला लावली, चटया अंथरल्या. ती बुरखा घालूनच आली, सासूला सोबत घेऊन. आधी तिच्या तोंडून शब्द फुटेना. मग कुणीतरी पाण्याचं विचारलं. शहरात चोवीस तास पाण्याची योजना आधी 10 वॉर्डांपुरतीच आली होती. बाकीच्या गल्ल्यांत पाणी कधी येणार याची वाट बघत बायका रात्री जागायच्या. हा प्रश्न तिच्याही घरचा. ती बोलायला लागली ती थांबेचना. कुठल्या गल्लीत प्रेशर नाही, कुठे गटाराचं पाणी मिसळतं, कुणाच्या मोटरीमुळे कुणाचा नळ कोरडा, सगळं तिला माहीत होतं. तिच्या नवऱ्याला यातलं निम्मंही सांगता आलं नसतं, कारण पाणी भरायला तो कधी उठलाच नव्हता.

ती निवडून आली. पण पहिलं वर्षभर फोन नवराच उचलायचा. सह्या तिच्या, निर्णय त्याचा. कानडीतली सभेची नोटीस तिला वाचता येत नव्हती. ती त्याच्याकडे जायची आणि तो सांगेल तेवढंच तिला कळायचं. यातून वाट काढली तिच्या शाळकरी मुलीने. शाळेत कानडी शिकलेली मुलगी आईला संध्याकाळी विषयपत्रिका वाचून दाखवू लागली. आम्हीही ठरवलं, काम घेऊन जायचं ते तिच्याकडेच. दारात नवरा भेटला तरी सांगायचं, "भाभींना बोलवा." तो चिडायचा. पण दारात आठ-दहा बायका उभ्या राहिल्यावर काय करणार? हळूहळू गटाराचा चेंबर फुटला की ती स्वतः येऊन बघू लागली. पुढे महापालिकेच्या माणसाला फोनही तिनेच लावला.

गल्लीत टोमणे मारणारे होतेच. धर्माचा दाखला देणाऱ्यांसाठी मला एक उत्तर सापडलं होतं. आमच्या भागातल्या बऱ्याच घरांतली माणसं आखातात नोकरीला. डिसेंबर 2015 मध्ये सौदी अरेबियात बायकांनी पहिल्यांदा नगरपालिकांना मतदान केलं, निवडणूक लढवली, आणि मक्केच्या प्रांतातही एक बाई निवडून आली. हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. "मक्केच्या प्रांतात चालतं, ते खडेबाजारात का चालत नाही?" यावर अजून कुणी मला नीट उत्तर दिलेलं नाही.

2022 च्या फेब्रुवारीत शाळा-कॉलेजांतल्या हिजाबचा वाद राज्यभर पेटला. टीव्हीवर दोन्ही बाजूंनी पुरुष भांडत होते. मार्चमध्ये उच्च न्यायालयाने वर्गातल्या हिजाबबंदीला आधार देणारा सरकारचा आदेश कायम ठेवला आणि आमच्या गल्लीतल्या मुलींचं काय, हा प्रश्न घराघरांत आला. तेव्हा आया एकत्र बसल्या. कुणी मुलीचं कॉलेज बदललं, कुणाच्या मुलीने फाटकापाशी हिजाब उतरवला, कुणी घरातल्या थोरल्यांशी भांडली. सगळ्यांचं मत एक नव्हतं, एका गोष्टीवर मात्र होतं. मुलगी घरी बसवायची नाही. ही बैठक कुणा पुढाऱ्याने बोलावली नव्हती.

2023 मध्ये राज्य सरकारची 'गृहलक्ष्मी' योजना आली. रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख बाई असेल तर तिच्या खात्यात महिन्याला 2000 रुपये. घराचे प्रमुख आपणच, असं मानणाऱ्या पुरुषांनी बायकोचं नाव वर घालण्यासाठी रांगा लावल्या. मला त्याचं हसू आलं, पण फरकही दिसला. बायकांना सरकारी बसचा प्रवासही फुकट झाला आणि बाहेर पडायला पैसे मागण्याची गरज कमी झाली.

अजून लांबचा पल्ला आहे. 224 आमदारांच्या कर्नाटक विधानसभेत 2018 आणि 2023 मध्ये एकच मुस्लिम महिला निवडून आली, गुलबर्ग्याच्या कनीज फातिमा. त्याही पती कमरूल इस्लाम यांच्या निधनानंतर राजकारणात आल्या. लेखिका बानू मुश्ताक यांना 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर मिळाला तेव्हा सगळ्यांनी अभिमानाने फोटो पाठवले. पण त्या हासनच्या नगरसेविकाही होत्या, आणि बायकांना मशिदीत जाऊ द्या म्हटल्यावर 2000 मध्ये त्यांच्यावर बहिष्कार पडला होता, हे फार थोड्यांना ठाऊक. राज्याच्या वक्फ बोर्डावर किमान दोन बायका असाव्यात, असं 2013 पासून कायदा सांगतो. आमच्या जमातीच्या कमिटीत अजून एकही नाही.

आरक्षणाने आम्हाला जागा मिळाली, यात शंका नाही. पण ती जागा बाईची झाली, ती दारात जाऊन तिलाच हाक मारणाऱ्या बायकांमुळे. म्हणून माझं मागणं साधं आहे. पुढच्या निवडणुकीत पत्रकावर उमेदवाराचाच फोटो छापा आणि तिचाच नंबर द्या. तुमच्या वॉर्डात नगरसेविका असेल तर फोन तिलाच लावा. नवऱ्याने उचलला, तर काम सांगू नका. तिला द्या म्हणा.