चौथा कोपरा

चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमा उलटली की आकाश निवळते, आणि त्यानंतरच्या अमावास्येची वाट आमच्या घरात दोघे जण पाहतात : मी आणि माझा मुलगा. चौविहार असल्याने भोजन सूर्यास्तापूर्वीच झालेले असते. काळोख दाटेपर्यंत मळ्यावर दुर्बीण उभी राहते.

गेल्या वर्षी कृत्तिकांच्या छायाचित्रात तीन कोपऱ्यांतील तारे गोल आले, चौथ्यातील मात्र लांबट. कॅमेऱ्यातील सेन्सर दुर्बिणीच्या अक्षाशी अचूक काटकोनात असावा लागतो. आमच्या दुर्बिणीचे केंद्रांतर तिच्या तोंडाच्या व्यासाच्या पाचपट आहे. अशा दुर्बिणीत प्रतिमा रेखीव राहण्याची मुभा मिलिमीटरच्या पंधराव्या हिश्श्याइतकीच. झेरॉक्सचा साधा कागद त्याहून जाड असतो, सुमारे 0.1 मिलिमीटर. एका कडेला तेवढा कल आला तरी कोपरे बिघडतात.

दोष कोणाकडे, हे शोधण्याची रीत मला फार आवडली. कॅमेरा आपल्या जागी 180 अंश फिरवून पुन्हा चित्र घ्यावे. चित्रातील तोच कोपरा बिघडलेला राहिला तर दोष कॅमेऱ्याकडचा. समोरचा कोपरा बिघडला तर दुर्बिणीकडचा. आजोबा पेढीवरच्या तराजूचा पासंग असाच पाहत. माल आणि वजन यांची पारडी बदलायची, की काटा खरे काय ते सांगे.

आमचा कोपरा बदलला. कॅमेरा नळीत बसवून बाजूच्या एकाच स्क्रूने आवळलेला होता. तो स्क्रू नळीला एका अंगाला रेटत होता. त्याऐवजी आट्यांनी बसणारे कडे लावले, तेव्हा बराचसा कल गेला. उरलेल्यासाठी तीन स्क्रूंची चकती आणली. स्क्रू किंचित फिरवायचा, चित्र घ्यायचे, चारही कोपरे मोठे करून पाहायचे, पुन्हा फिरवायचा. चंद्र नसलेल्या मोजक्या रात्रींतील एक अख्खी रात्र यात गेली.

मुलाला हे पटत नव्हते. ‘‘बाबा, तेवढा कोपरा कापून टाकू, नाहीतर संगणकावर तारे गोल करून घेऊ. कोण तपासणार आहे?’’ कोपरा कापण्याला माझी हरकत नाही. कापलेले चित्र कमी दाखवते, पण खोटे दाखवत नाही. गोल करून घेतलेल्या ताऱ्याचे तसे नाही. कृत्तिकांचा प्रकाश सुमारे 440 वर्षे प्रवास करून आपल्यापर्यंत येतो. तो जसा पडला तसा उतरवावा, एवढेच आपले काम. खतावणीत बेरीज जुळत नाही म्हणून आकडा बदलावा, असे आमच्या पेढीवर कोणी सुचवले नसते. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने मात्र माझ्या हातातला पाना घेऊन तिसरा स्क्रू त्यानेच फिरवला.

आता डोक्यावरच्या आकाशात चारही कोपरे सारखे येतात. कॅमेरा वजनदार आहे. कृत्तिका पश्चिमेला कलल्यावर नळी झुकते की काय, हे येत्या अमावास्येला पाहायचे आहे.