सान्तो दोमिंगोचे दगड

प्राचीन वास्तु पाहावयास जाणाऱ्याच्या डोळ्यांत प्रथम भरते ती तिची भव्यता. ती कोणीं बांधविली हें तेथील फलक सांगतो. कोणाच्या हातांनीं ती उभी राहिली, हें मात्र आपणांस विचारावें लागतें. आपल्याकडील ताम्रपट व शिलालेख वाचणारांस याचा अनुभव आहेच. दात्याची वंशावळ श्लोकामागून श्लोक चालते. पाथरवटाचें नांव क्वचितच एखाद्या कोपऱ्यांत सांपडतें. अमेरिकेंत कन्येकडे गेलों असतां कॅरिबियन समुद्रांतील सान्तो दोमिंगो हें शहर पाहण्याचा योग आला, तेव्हां हाच विचार मनांत वारंवार येत राहिला.

हैती व डोमिनिकन प्रजासत्ताक हे दोन देश ज्या बेटावर आहेत, तेथें कोलंबस १४९२ च्या डिसेंबरांत पोहोंचला. त्याच्या भावानें वसविलेलें हें नगर ओवान्दो नांवाच्या स्पॅनिश सुभेदारानें १५०२ सालीं ओझामा नदीच्या पश्चिम तीरावर आणिलें. नव्या जगांत युरोपीयांनीं वसविलेल्या व आजवर नांदत्या असलेल्या शहरांत तें सर्वांत जुनें. १९९० सालीं युनेस्कोनें त्याच्या जुन्या भागास जागतिक वारशाचा मान दिला. रस्ते सरळ आंखलेले, भिंती प्रवाळयुक्त चुनखडीच्या, आणि चालत दोन दिवसांत सर्व पाहून व्हावें एवढाच विस्तार. नदीकांठचा ओझामा किल्ला, १५४० च्या सुमारास पुरें झालेलें मुख्य प्रार्थनामंदिर, आणि ओवान्दोनें आरंभिलेल्या रुग्णालयाचे भग्नावशेष हीं सर्व एकमेकांपासून हांकेच्या अंतरावर आहेत. १५८६ सालीं ड्रेक या इंग्रज दर्यावर्दीनें हें शहर घेतलें, कांहीं भाग जाळला आणि पंचवीस हजार डुकाट खंडणी घेऊनच तो गेला.

कोलंबसाचा पुत्र दिएगो याचा वाडा नदीकडे तोंड करून उभा आहे. दोन्ही मजल्यांवर कमानींची ओळ, आंत त्या काळचें सामानसुमान. मध्यंतरीं तो पार ढासळला होता. १९५५ ते १९५७ या काळांत डागडुजी होऊन त्याचें संग्रहालय झालें. जवळच जुनी राजकचेरी आहे. तेथें १९७६ पासून संग्रहालय असून नकाशे, शस्त्रें, राज्यकारभाराच्या वस्तु नीट मांडल्या आहेत. पाहतांना मन प्रसन्न होतें, हें नाकबूल करण्याचें कारण नाहीं.

परंतु प्रार्थनामंदिरासमोरील चौकांत येतांच पाऊल अडखळतें. तेथें १८८७ सालचा कोलंबसाचा पुतळा आहे. त्याच्या चौथऱ्यावर चढत एक ताइनो स्त्री त्याच्या गौरवाचीं अक्षरें लिहीत आहे. ताइनो म्हणजे या बेटाचे मूळ रहिवासी. आणि ही स्त्री म्हणजे त्यांची राणी अनाकाओना, असें मानतात. या अनाकाओनेस ओवान्दोनें १५०३ सालीं फांशीं दिलें. ज्या रस्त्यावर आपण हौसेनें फिरतों त्याच रस्त्यावर ओवान्दोचें घर आहे आणि त्यांत आज उपाहारगृहासह निवासगृह चालतें. जिला फांशीं दिलें तिच्याच हातांत लेखणी देऊन स्तुति लिहवून घ्यावी, याहून कठोर शिलालेख मीं पाहिला नाहीं.

याच नगरांत त्या अन्यायाचा जाबहि मागितला गेला. २१ डिसेंबर १५११, रविवार. मोन्तेसिनोस नांवाचा डोमिनिकन पंथाचा यति प्रवचनास उभा राहिला. समोर स्वतः दिएगो व सारे जमीनदार. कोणत्या अधिकारानें तुम्हीं या लोकांस दास करून राबवितां, हीं माणसें नव्हेत काय, असें त्यानें त्यांस रोखठोक विचारलें. श्रोते खवळले, मठावर चालून गेले, शब्द मागें घ्या म्हणाले. पुढील रविवारीं त्यानें तेंच अधिक कडक भाषेंत सांगितलें. प्रकरण राजापर्यंत गेलें व १५१२ च्या अखेरीस बुर्गोसचे कायदे झाले. परंतु त्यांनीं सक्तीची मजुरी राहूंच दिली. १५१४ च्या वांटणीच्या यादींत सबंध बेटावर सुमारें सव्वीस हजार ताइनोच नोंदले गेले. कोलंबस आला तेव्हां ते लाखांनीं होते, असें अनेक अभ्यासक मानतात. हें प्रवचन आपणांस ठाऊक आहे तें लास कासास याच्या ग्रंथामुळें. ताइनोंची बाजू घेणाऱ्या या सज्जनानेंच एकेकाळीं आफ्रिकेंतील गुलाम आणण्याचें सुचविलें होतें व पुढें त्याचा पश्चात्ताप स्वतः लिहून ठेविला. समुद्रकांठीं मोन्तेसिनोसचा प्रचंड पुतळा आहे. मेक्सिकोनें तो १९८२ सालीं दिला. तोंडाशीं हात नेऊन तो समुद्राकडे ओरडून कांहीं सांगत आहे. वाड्यांत घालविलेल्या वेळाच्या निम्मा वेळ तरी प्रवाशानें येथें द्यावा.

ताइनोंचे दगडी वाडे नव्हते, आणि त्यांची भाषा आज कोणी बोलत नाहीं. तरी ते सर्वस्वीं नाहींसे झाले असें नव्हे. त्यांच्या रक्ताचा अंश तेथील लोकांत आहे, आणि त्यांचे शब्द जगभर पसरले आहेत. वादळास इंग्रज हरिकेन म्हणतात तो शब्द त्यांचा, टांगलेल्या झोळीस हॅमॉक म्हणतात तोहि त्यांचाच. संस्कृताच्या अभ्यासकास शब्दाचें मूळ शोधण्याची संवय असते. त्या संवयीनें पाहिलें तर हा माग आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. बटाटा हा शब्द आपणांस पोर्तुगीजांकडून मिळाला, असें कोशकार सांगतात. तें खरें; पण पोर्तुगीजांनीं व स्पॅनिशांनीं तो ताइनोंकडून घेतला, आणि त्यांच्या मुखीं 'बटाटा' म्हणजे आपलें रताळें. पुढें पेरूकडून आलेल्या निराळ्या कंदास तेंच नांव चिकटलें.

तेव्हां एकादशीस रताळीं उकडतां उकडतां मुलांनीं बटाटा हा शब्द कोठला म्हणून विचारलें, तर 'पोर्तुगीज' एवढेंच सांगून थांबूं नये. तो ज्यांनीं प्रथम उच्चारिला त्यांचें नांव ताइनो, हेंहि त्यांस सांगावें.