पाटीवर न लिहिलेले



मागच्या आठवड्यात मंडळीतल्या एका गरोदर बहिणीसोबत आम्ही सोनोग्राफीला गेलो होतो. बाळाचे ठोके ऐकून सासूबाईंचे डोळे भरून आले. मग त्यांनी हळूच विचारले, "मुलगाच आहे ना?" डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवले: गर्भलिंग निदान हा गुन्हा आहे.

विज्ञानात राजकारण्यांनी लुडबुड करू नये, असे आपण म्हणतो. पण बाळाचे व्यंग, आईचा धोका वेळेत दाखवणारे हेच यंत्र मुली मारायलाही वापरले गेले. म्हणून १९८८ साली महाराष्ट्राने आणि १९९४ साली संसदेने कायदा केला. यंत्र चालूच राहिले, गैरवापराला मनाई झाली. ते योग्यच झाले. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे १९९१ मध्ये ९४५ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ९२० पेक्षाही कमी झाल्या.

मिसरात तर राजाचाच हुकूम होता, इब्री मुलगे मारण्याचा. सुइणी देवाला भ्यायल्या आणि मुलगे वाचले. कायदा हवाच, पण देवाचे भय त्याहून आधी हवे.

सासूबाईंना आम्ही काय बोलणार? गेल्या वर्षी एका घरी प्रार्थनेत आम्हीच मुलगा मागितला होता. मुलगी झाली तेव्हा म्हणालो, "असू दे, पुढच्या वेळी." त्या आईचा चेहरा आठवतो.

प्रभू, आम्हांला क्षमा कर. जे लेकरू तू देशील, त्याचे पेढे आम्ही सारख्याच आनंदाने वाटू. आमेन.